डॅडीच्या हातांचा वास

सहम, ओमान,
गुरुवार, २४ जानेवारी २००८

प्रिय नॅटली,

‘आधी नीट बोलायला शिका, मग लिहा’ असं ज्यांना ज्यांना कुणीतरी तोंडावर ऐकवलं, त्या आपल्या सगळ्यांच्या वतीनं मी आज तुझ्याशी बोलणार आहे. तुला हे मस्कतच्या नटव्या घरांमधून ऐकवलं गेलं, मला संपादकांनी छापील लेटरहेडवर कळवलं. तक्रार एकच आहे. आपल्या घरात जे बोललं जातं ते कागदावर यायच्या लायकीचं नाही, असं आपल्याला सांगितलं गेलं आणि आपण ते ऐकून घेतलं. हे धादांत खोटं आहे आणि ते खोटं पाडायला माझं निम्मं आयुष्य गेलं. बघ, पहिल्याच परिच्छेदात माझं भाषण सुरू झालं. तुझे बबनकाका पलीकडच्या खोलीत पेपर वाचतायत. मी लिहिताना पुटपुटते ते त्यांना ऐकू जातं. आत्ताच ओरडले, “ओ बाई, एका पोरीला पत्र लिहिताय, सभा नाही ही!”

तर मुद्द्याचं. गेल्या महिन्यात पुस्तकाच्या कार्यक्रमासाठी हॉल ठरवायला मी मस्कतला, रुवीला आले होते, तेव्हा जवळच हमरियाला तुमच्या घरी चहाला गेले. तू ऑफिसला होतीस. तुझ्या मम्मीनं, रेजिनानं, कपाटातल्या चादरींखालून एक निळी वही काढून माझ्या पर्समध्ये कोंबली आणि म्हणाली, “टीचर, ही घेऊन जा. पोरगी दोन महिने देऊ-नको करते.” वहीत तुझी गोष्ट होती आणि पहिल्या पानाला टाचलेली इंग्रजी चिठ्ठी. ‘टीचर, प्लीज करेक्ट इट.’ गोष्ट मी बसमध्येच वाचली. सहम येईपर्यंत तीनदा वाचली. चिठ्ठीचं उत्तर द्यायला मात्र मला महिना लागला. का लागला ते सांगते. पण त्यासाठी आधी माझी कहाणी ऐकावी लागेल. तू आठ वर्षांची असल्यापासून मला ओळखतेस आणि तरी तुला ती माहीत नाही.

मी गडहिंग्लजकडची. महाराष्ट्राचं दक्षिणेचं टोक, पुढं कर्नाटक. ओमानला आल्यावर शाळेत पहिल्याच दिवशी कुणीतरी विचारलं, “मॅडम, आर यू फ्रॉम साउथ?” मी छाती पुढं काढून ‘यस’ म्हणाले. त्यानंतर सहा महिने सगळ्या मल्याळी शिक्षिका माझ्याशी मल्याळममध्ये बोलत होत्या आणि मी मान हलवत होते. मस्कतमधल्या मराठी बायका तर सरळ म्हणायच्या, “तुम्ही साउथच्या ना? तरीच हेल असा येतो.” आमच्याकडं बायकासुद्धा ‘मी आलो, मी गेलो’ म्हणतात. माझी आई आयुष्यभर तशीच बोलली. ती विटांच्या भट्टीवर कामाला जायची, तिला सहीसुद्धा येत नव्हती आणि तिच्यासारखी गोष्ट सांगणारं माणूस मी आजवर पाहिलेलं नाही. मी डीएड झाले, जिल्हा परिषदेच्या शाळेत लागले, बेळगावच्या वाचनालयातून पोतंभर पुस्तकं आणून वाचली, रशियन कादंबऱ्यांची भाषांतरंसुद्धा. त्यातले शेतकरी, धोबिणी, गाडीवान सगळे पुण्याच्या प्राध्यापकासारखे बोलायचे. मला वाटायचं, रशियात सगळे असेच शिकलेले असतात.

मग मी आईची गोष्ट लिहिली. भट्टीवरच्या मुकादमानं एका गरोदर बाईला उन्हात उभं केलं आणि माझी आई डोक्यावरची पाटी टाकून त्याच्यापुढं जाऊन उभी राहिली, ती खरी घडलेली गोष्ट. १९८९ साली ती एका मासिकात छापून आली. मी तो अंक घेऊन एसटीनं गावी गेले, आईला चुलीपुढं बसवलं आणि वाचून दाखवला. ती भाकरी थापता थापता थांबली. शेवटपर्यंत ऐकलं आणि विचारलं, “ही कोण बाय गं?” मी म्हटलं, तूच की. तर म्हणाली, “मी कवा असं बोल्लो? येवढं गोड बोल्लो असतो तर मुकादम तिथंच हसला असता.” मी पुन्हा पाहिलं. संपादकांनी आईच्या तोंडचं वाक्य न् वाक्य बदललं होतं. माझी आई मुकादमाला म्हणत होती, ‘आपणांस लाज वाटायला हवी.’ छापून आल्याच्या आनंदात ते वाचूनही मला दिसलं नव्हतं. त्या दिवशी मी एक नियम केला. ज्याची गोष्ट आहे त्याला आधी वाचून दाखवायची, त्यानं ‘हो, असंच’ म्हटल्याशिवाय ती पाठवायची नाही. आणि पाठवली की एक शब्द बदलू द्यायचा नाही.

त्या नियमानं मला चौदा वर्षं घरी बसवलं. १९९१ला बबनकाकांना रस्त्याच्या सर्वेचं काम मिळालं म्हणून आम्ही इकडं आलो. मी शाळेत हिंदी शिकवू लागले आणि दुपारी स्वयंपाकघरात मोठ्यानं बोलून गोष्टी रचू लागले. गोष्ट आधी तोंडानं सांगायची, मग लिहायची, ही माझी पद्धत. शेजारच्या हसनच्या आईला वाटायचं की मी रोज नवऱ्याशी भांडते. नवरा तर साइटवर असायचा! एक दिवस ती माझी समजूत काढायला खजूर घेऊन आली. पाठवायची वेळ आली की वेगळीच पंचाईत व्हायची. साभार परत यायला सोबत तिकीट लावलेलं पाकीट जोडावं लागतं आणि भारतातून परत येणाऱ्या पाकिटाला ओमानचं तिकीट कसं चालेल? म्हणून सुट्टीवर जाणाऱ्या प्रत्येकाला मी भारतातली पोस्टाची तिकिटं आणायला सांगायची. लोक बायकोसाठी साडी आणायचे, माझ्यासाठी तिकिटांचे ताव. इथं पोस्टमन दारात येत नाही, सगळं टपाल बबनकाकांच्या कंपनीच्या पेटीत. तिथला कारकून शरीफ पाकीट हातात तोलूनच निकाल सांगायचा. जाड असलं की म्हणायचा, “भाभी, वापस आया.” बारीक असलं की, “शायद इन्शाल्ला.” त्या बारीक पाकिटांत एकच मजकूर असायचा. कथा दमदार आहे, भाषा प्रमाण केलीत तर छापू. मीही दर वेळी एकच उत्तर लिहायची. माझी माणसं बदलणार नाहीत, तुमचे कान बदला. बबनकाका म्हणायचे, “अगं, जरा नमतं घे, नाव तरी होईल.” मी त्यांना तीन दिवस जेवण वाढलं, बोलले नाही.

आणि याच काळात, ९३ साली, माझा गुरुवारचा वर्ग सुरू झाला. तुम्ही शुक्रवारी चर्चमध्ये मिस्साला जायचात म्हणून गुरुवार ठरवला. आमच्या हॉलमध्ये चटईवर तू, तुझा भाऊ अ‍ॅश्ली, अश्विन आणि आणखी पाचसहा पोरं. तुम्ही आपसात इंग्रजी बोलायचात, भांडण हिंदीत करायचात आणि ‘खलास’ म्हणून मिटवायचात. मी मराठी म्हटलं की सगळ्यांचे चेहरे गोळी गिळल्यासारखे. फक्त तू धडपडत का होईना बोलायचीस. तुझ्या वसईच्या घरचं मराठी, त्यात हिंदी, त्यात दुकानातलं अरबी. अश्विन हसायचा. तू त्याला पट्टीनं मारायचीस आणि वाक्य पुरं करायचीस. मला तू फार आवडायचीस. हे कधी सांगितलं नाही, कारण शिक्षकानं सांगू नये असं माझं मत होतं. आज ते मत मी मागं घेते.

आता जिंकल्याची गोष्ट सांगते. ती मी पोटभर सांगणार आहे, मला विनय जमत नाही. २००३ साली निपाणीच्या एका लहान प्रकाशकानं माझ्या अकरा कथा मागितल्या. त्याचा छापखाना लग्नपत्रिकांचा. त्यानं फोनवर एवढंच विचारलं, “मॅडम, ही भाषा आमच्या घरची हाय. ह्यात काय दुरुस्त करायचं असतंय?” मी स्वयंपाकघरात उभी राहून रडले आणि हसनची आई पुन्हा खजूर घेऊन आली. पाचशे प्रती निघाल्या. त्यातल्या चाळीस बबनकाकांच्या ऑफिसातल्या राजीवनं सुट्टीवरून येताना आपल्या बॅगेतून सहमला आणल्या, त्याच्या बायकोचे मसाले मागं ठेवून. ती बाई अजून माझ्याशी नीट बोलत नाही. पुढच्या उन्हाळ्यात मी गावी गेले आणि आईला भट्टीची गोष्ट पुन्हा वाचून दाखवली, या वेळी तिच्या भाषेत. आता तिला ऐकायला कमी यायचं म्हणून मी ओरडून वाचत होते आणि निम्मी गल्ली दारात जमली होती. नियम मोडून मी ही एकच कथा तिला न विचारता छापली होती. मला वाटलं होतं, तिला काय विचारायचं, मला पाठ आहे ती. वाचून झालं. आई म्हणाली, “हां. आता मी बोल्लो.” गल्लीनं टाळ्या वाजवल्या. मग आईनं हात वर करून सगळ्यांना गप्प केलं आणि मला विचारलं, “पर तिथं मी मुकादमाला शिवी दिल्तो की गं. ती का खाल्लीस?”

खरंच खाल्ली होती! संपादकांशी चौदा वर्षं भांडणाऱ्या बाईनं स्वतःच आईची शिवी गिळली होती, का तर पुस्तक शाळेच्या वाचनालयात जाईल. दुसऱ्या आवृत्तीत ती शिवी जशीच्या तशी आहे. ती आवृत्ती दीड वर्षात संपली, गेल्या वर्षी तिला कोल्हापुरात पुरस्कार मिळाला आणि मी व्यासपीठावर आईची शिवी माइकवरून म्हणून दाखवली. पहिल्या रांगेतले दोन पाहुणे खाली बघत होते, मागचा अख्खा हॉल उभा होता. आणि ज्या मासिकानं १९८९ला माझ्या आईला ‘आपणांस’ म्हणायला लावलं, त्याच्या आताच्या संपादकांचं नोव्हेंबरमध्ये पत्र आलं. ‘तुमच्याच भाषेत एक कथा हवी.’ शरीफनं पाकीट हातात तोललं आणि म्हणाला, “भाभी, इस बार पतला भी है और अच्छा भी है, मेरा दिल बोलता है.” म्हातारा अजून चुकत नाही. आता तिसरी आवृत्ती आली आहे आणि १५ फेब्रुवारीला रुवीच्या हॉलमध्ये तिचा कार्यक्रम आहे. मी जिंकले, नॅटली. हे वाक्य लिहायला मला संकोच वाटत नाही.

पण तुझी वही वाचून मी घरी आले आणि माळ्यावरची ट्रंक काढली. त्यात गुरुवारच्या वर्गाची सगळी कागदपत्रं आहेत. तुझं पान सापडायला वेळ लागला नाही. १९९७. तू बारा वर्षांची. मस्कतच्या मराठी मंडळींनी महाराष्ट्र दिनाला निबंध स्पर्धा ठेवली होती, निबंध स्टेजवरून म्हणून दाखवायचा, विषय ‘माझे वडील’. कुणीतरी म्हटलं होतं की आमच्या बातिना किनाऱ्यावरच्या पोरांना मराठी येतच नाही आणि माझ्या डोक्यात तिडीक गेली होती. दाखवतेच, म्हटलं. तुझ्या पेन्सिलीच्या अक्षरात पानावर असं आहे: ‘डॅडीच्या हाताला एसीच्या गॅसचा वास येतो. साबण लावला तरी जात नाय. मला तो वास आवडतो. वास आला की समजते डॅडी घरी आला.’ आणि त्यावर माझी लाल शाई. एक ओळ सोडलेली नाही. खाली माझ्या अक्षरात नवा निबंध लिहिलेला आहे. ‘माझ्या वडिलांचे श्रमाने थकलेले हात मला सदैव वंदनीय वाटतात.’ तो मी तुझ्याकडून दहा दिवस पाठ करून घेतला. ‘वंदनीय’ म्हणताना तू अडखळायचीस आणि मी टेबलावर पट्टी आपटायची.

तुला पहिलं बक्षीस मिळालं. मी स्टेजच्या कडेला उभी होते, मला वाटत होतं बक्षीस मलाच मिळालंय आणि ते खरंच होतं. कार्यक्रमानंतर तुझे डॅडी माझ्याकडं आले. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता कॉनराडनं. हसत हसत म्हणाले, “टीचर, मस्त झाला. पण ते कोणाच्या बापाबद्दल होतं? चांगला माणूस वाटला.” मीही हसले. आम्ही दोघं खूप हसलो. आईच्या ‘ही कोण बाय गं’ला आठ वर्षंही झाली नव्हती आणि तरी मला ऐकू आलं नाही. मी माझ्या माणसांसाठी सगळ्या संपादकांशी लढत होते आणि गुरुवारी सकाळी माझ्याच चटईवर मी तुझी संपादक झाले होते. त्यानंतरच्या गुरुवारी तू आली नाहीस. रेजिना म्हणाली, पोट दुखतंय. मग परीक्षा. मग तुम्ही हमरियाला राहायला गेलात. मी समजले, मुलगी मोठी झाली. अकरा वर्षांनी तुझी चिठ्ठी आली, प्लीज करेक्ट इट, आणि मला कळलं की ती लाल शाई अजून वाळलेली नाही. मी दर वर्षी चौदा एप्रिलला उभी राहून गरजते की ज्याचा आवाज हिरावला जातो त्याचं माणूसपण हिरावलं जातं. टाळ्या पडतात. त्या टाळ्यांमध्ये तू कधीच नव्हतीस. असायचं कारणही नव्हतं. मी चुकले, नॅटली. मला माफ कर असं मी लिहीत नाही, कारण ते तू ठरवायचं आहेस. मी चुकले एवढंच लिहिते.

आता तुझी गोष्ट, मालक म्हणजे अर्बाब डॅडीला कामावरून काढतो त्या दिवसाची. ‘अर्बाब बोलला, आज खलास, यल्ला, घरी जा. डॅडी घरी नाय आला. समुद्राकडे पिकअप लावून बसला. मम्मीने मला टिफिन देऊन पाठवला. डॅडीने टिफिन खाल्ला नाय. मला भरवला.’ अगं पोरी, चाळीस वर्षं वाचतेय मी. नोकरी गेलेल्या माणसावर जाड जाड कादंबऱ्या वाचल्या आहेत. त्या भरवण्याला तोड नाही. तो माणूस काहीच बोलत नाही आणि तू त्याच्याकडून काही बोलवून घेत नाहीस. घास भरवताना त्या हाताला गॅसचा वास येत होता, एवढंच तू लिहितेस. म्हणजे तेच वाक्य! मी लाल शाईनं खोडलेलं वाक्य तू अकरा वर्षं सांभाळून ठेवलंस आणि जिथं ठेवायला हवं होतं तिथंच ठेवलंस. हे मी तुला शिकवलेलं नाही. हे तू माझ्यापासून वाचवलंस.

वही या पत्रासोबत परत पाठवते आहे. तिच्यात एकही खूण नाही, पेन्सिलीचीसुद्धा नाही. ९७चं पानही सोबत आहे, ते तुझं आहे. रेजिनानं सांगितलं की कॉनराडचा व्हिसा फेब्रुवारीअखेर संपतोय आणि बावीस वर्षांनी ते कायमचे वसईला चाललेत. इथून कुणी जाताना घड्याळ देतात, निरोपाचं जेवण देतात. तू त्यांना हे दे. तेव्हा ते विचारत होते, हा कोणाचा बाप, आणि त्यांना अजून उत्तर मिळालेलं नाही. माझ्या कार्यक्रमपत्रिकेत पहिलं वाचन माझं होतं, ते मी खोडलं. आयुष्यात मी केलेली ही एकच दुरुस्ती मला पूर्णपणे पटलेली आहे. तिथं आता लिहिलंय, ‘कथावाचन: नॅटली’. कॉनराडची खुर्ची पहिल्या रांगेत मधोमध ठेवायला हॉलची व्यवस्था बघणाऱ्या नंदूला सांगितलंय. मस्कतची सगळी शुद्ध मंडळी मागं बसतील आणि कुणी हसलं तर मी दारापाशी उभी आहे, माइकशिवाय. तुला माझी परवानगी नको आहे, माझी दुरुस्ती नको आहे, आणखी एक मसुदाही नको आहे. शुक्रवारी, १५ फेब्रुवारीला, संध्याकाळी साडेपाच वाजता ही वही घेऊन ये, स्टेजवर उभी राहा आणि तुझ्या डॅडींकडं बघत ती जशी आहे तशी वाच.

तुझीच,
द्रौपदी टीचर